स्पॅनिश सोडायची आहे? अमेरिकेतल्या हायस्कूलची भाषेची अट आणि तिचे पर्याय

प्रश्न असा: मुलगा अमेरिकेत नववीत आहे, स्पॅनिश त्याला अजिबात झेपत नाही. घरी मराठी बोलली जाते, त्याला कोडिंगची आवड आहे. स्पॅनिशऐवजी दुसरं काही घेतलं तर चालेल का?

बहुतेक राज्यांत चालतं. पण काय चालतं हे सांगण्याआधी एक गाठ सोडवावी लागेल. परदेशी भाषेची अट एक नसून दोन आहेत. पहिली अट हायस्कूलच्या डिप्लोमाची. ती राज्य ठरवतं आणि वर शाळेचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ, आपली भर घालतो. दुसरी अट विद्यापीठाच्या प्रवेशाची, आणि ती प्रत्येक विद्यापीठाची वेगळी. एका अटीला चाललेला पर्याय दुसरीला चालेलच असं नाही. मुलाला डिप्लोमा मिळतो आणि बारावीच्या ऑक्टोबरात अर्ज भरताना कळतं की हव्या त्या विद्यापीठाला 'एकाच भाषेची दोन वर्षं' हवी होती. तोवर हातात काही उरलेलं नसतं. म्हणून पुढचा प्रत्येक पर्याय या दोन्ही अटींवर घासून पाहावा.

राज्याराज्यांत फरक किती पडतो ते पाहा. कॅलिफोर्नियात राज्याच्या डिप्लोमासाठी भाषा सक्तीची नाही. कला, भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी एकाचं एक वर्ष पुरतं. पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी यांच्या 'ए-जी' विषययादीत 'ई' हा गट भाषेचा आहे. तिथे एकाच भाषेची दोन वर्षं हवीतच, आणि यूसीची शिफारस तीन वर्षांची आहे. फ्लोरिडातही डिप्लोमाला भाषा लागत नाही, सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशाला मात्र एकाच भाषेची दोन क्रेडिटं लागतात (बहुतेक ठिकाणी एक क्रेडिट म्हणजे विषयाचं एक वर्ष). न्यू जर्सीत मोजणी वेगळी: डिप्लोमाच्या किमान १२० क्रेडिटांपैकी ५ भाषेची, म्हणजे एक वर्ष. टेक्सासमध्ये एकाच भाषेची दोन क्रेडिटं. मिशिगनमध्ये दोन, पण त्यांतलं एक व्यवसाय शिक्षणाचा मान्य अभ्यासक्रम किंवा जादा कलाविषय घेऊन भरून काढण्याची सोय कायद्यात आहे. वॉशिंग्टन राज्यात २४ क्रेडिटांत भाषेची दोन आहेत. विद्यार्थ्याची पुढची वाट वेगळी असेल तर त्या वाटेचे विषय त्यांच्या जागी घेता येतात. मात्र तिथल्या चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांना भाषेची दोन क्रेडिटं लागतातच.

आता कोडिंग. मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि 'पायथन हीपण भाषाच ना' हा युक्तिवादही ठरलेला. टेक्सासने २०१३च्या सुधारणांनंतर तो खरंच मान्य केला. कॉम्प्युटर सायन्स १, २, ३, एपी (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कॉम्प्युटर सायन्स यांसारख्या ठरावीक कोर्सांमधली दोन क्रेडिटं तिथे भाषेच्या अटीसाठी धरतात. जॉर्जियाच्या सरकारी विद्यापीठांच्या यादीतही भाषेच्या जागी कोडिंगवर भर असलेले कॉम्प्युटर सायन्सचे दोन युनिट बसतात. फ्लोरिडात २०१६ साली असंच विधेयक सिनेटने मंजूर केलं, पण ते पुढे गेलं नाही. आजही कुणी 'फ्लोरिडात कोडिंग चालतं' असं ऐकलेलं सांगतं, त्याचं मूळ बहुधा तिथे असतं.

पण टेक्सासच्या सवलतीवर विसंबून भाषा सोडली आणि मुलाने अर्ज केला कॅलिफोर्नियाला, तर यूसी प्रोग्रॅमिंगला 'ई' गटात धरत नाही. कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स त्यांच्या यादीत दुसऱ्या गटांत मोजला जातो. टेक्सासमध्येच राहायचं तरी ऑस्टिनच्या विद्यापीठाला हायस्कूलमधली एकाच भाषेची दोन वर्षं अपेक्षित असतात. ती नसली तर कॉलेजात गेल्यावर भाषा घेऊन ती तूट भरावी लागते. चुरशीच्या खासगी विद्यापीठांत तर तीन-चार वर्षं भाषा घेतलेली मुलं रांगेत उभी असतात. माझं मत स्पष्ट आहे: मुलाला कोडिंग आवडत असेल तर ते जरूर घ्यावं, पण भाषेच्या जागी घेऊ नये. अपवाद एवढाच, की विद्यापीठ आधीच नक्की आहे आणि त्याच्या संकेतस्थळावरच्या प्रवेशाच्या अटींत ही मुभा स्वच्छ लिहिलेली आहे.

अमेरिकन साइन लँग्वेज, म्हणजे एएसएल, हा त्यामानाने भक्कम पर्याय. बऱ्याच राज्यांत ती डिप्लोमाला चालते, यूसीच्या 'ई' गटात चालते, जॉर्जिया आणि वॉशिंग्टनच्या सरकारी विद्यापीठांतही चालते. ऐकून उच्चार पकडणं किंवा स्पेलिंग लक्षात ठेवणं ज्यांना जड जातं त्यांना ती बरी पडते. मात्र 'हातवारे तर करायचे, सोपं असेल' या समजुतीने जाणारी मुलं पहिल्याच तिमाहीत अडखळतात. एएसएल म्हणजे हातांनी बोललेली इंग्रजी नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. भुवयांची हालचाल, चेहऱ्यावरचा भाव, खुणेची जागा यांनी वाक्याचा अर्थ ठरतो. व्हिडिओवर स्वतःला रेकॉर्ड करून द्यायचे गृहपाठ असतात. लाजाळू मुलाला ते स्पॅनिशमधल्या तोंडी परीक्षेइतकेच अवघड वाटू शकतात. शिवाय शिक्षक सगळीकडे मिळत नाहीत. डिस्ट्रिक्टने पहिलं वर्ष सुरू केलं आणि दुसऱ्या वर्षी वर्गच निघाला नाही, तर 'एकाच भाषेची दोन वर्षं' ही साखळी तुटते. म्हणून एएसएल २ गेली दोन वर्षं खरोखर शिकवली गेली का, ते प्रवेशाआधी विचारावं.

मराठी घरांना सर्वात जवळचा आणि सर्वात वाया जाणारा पर्याय म्हणजे मराठीच. वर्गात न बसता, येत असलेल्या भाषेची परीक्षा देऊन क्रेडिट घेण्याची सोय अनेक राज्यांत आहे. तिची नावं वेगवेगळी आहेत. न्यू जर्सीच्या नियमात '५ क्रेडिटं किंवा प्रावीण्य सिद्ध करणं' असे शब्दच आहेत, आणि त्यासाठी लागणारी पातळी 'नॉव्हिस हाय', म्हणजे नवशिक्यांच्या गटातली सर्वांत वरची पायरी, आहे. शाळेत हा मार्ग 'ऑप्शन टू' या नावाने ओळखला जातो. वॉशिंग्टन राज्यात तर पायऱ्या आखलेल्या आहेत: नॉव्हिस मिडला १ क्रेडिट, नॉव्हिस हायला २, इंटरमीडिएट लोला ३ आणि इंटरमीडिएट मिडला ४. घरी मराठी ऐकत वाढलेलं, थोडंफार वाचता-लिहिता येणारं मूल दोन क्रेडिटांपर्यंत फार कष्ट न करता पोहोचतं. टेक्सासमध्ये 'क्रेडिट बाय एक्झाम' आहे. विषय आधी वर्गात शिकला नसेल तर ८० टक्के आणि शिकून नापास झाला असेल तर ७० टक्के लागतात.

परीक्षा कोणती? एपीच्या यादीत मराठी नाही आणि हिंदीही नाही. शाळांत सर्रास चालणारी स्टॅम्प ही अवान्त कंपनीची परीक्षा. तिच्या कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषांसाठीच्या 'स्टॅम्प डब्ल्यूएस' या मालिकेत मराठी आहे. स्टॅम्पमध्ये १ ते ३ म्हणजे नॉव्हिस, ४ ते ६ इंटरमीडिएट आणि त्यापुढे अॅडव्हान्स्ड. तेव्हा नॉव्हिस हाय म्हणजे ३ आणि इंटरमीडिएट मिड म्हणजे ५. डिस्ट्रिक्टच्या पत्रात कधी आकडा असतो, कधी नाव. दोन्ही जुळवून पाहा.

मुलं घसरतात कुठे? बोलण्यात सहसा नाही. घसरतात ती देवनागरीत. 'आमचा मुलगा मराठी छान बोलतो' म्हणणाऱ्या घरात मूल 'क्ष', 'ज्ञ', रफार आणि जोडाक्षरांपाशी थांबतं, आणि लेखनाचा गुण १ किंवा २ वर अडकतो. बहुतेक डिस्ट्रिक्ट प्रत्येक कौशल्याची किमान पातळी पाहतात. त्यामुळे बोलण्यातले ५ लेखनातल्या २ ला वाचवत नाहीत. उत्तर टाइप करायचं असेल तर हा अडथळा आणखी वाढतो. घरी फोनवर रोमन अक्षरांत लिहून देवनागरी करून घ्यायची सवय असते, आणि परीक्षेच्या संगणकावर वेगळाच कीबोर्ड समोर येतो. कोणता कीबोर्ड चालेल ते आधी विचारून त्याच कीबोर्डवर रोज पंधरा मिनिटं, असे तीन महिने सराव करावा. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग आहे.

दुसरी घसरण उत्तराच्या लांबीची. 'सुट्टीत काय केलंस?' याला घरी 'मजा आली' एवढं पुरतं. परीक्षेत तेवढ्यावर नॉव्हिसच मिळतो, मग उच्चार कितीही अस्सल असो. सुटे शब्द आणि पाठ केलेली वाक्यं म्हणजे नॉव्हिस. स्वतः रचलेली वाक्यं म्हणजे इंटरमीडिएट. वाक्याला वाक्य जोडत गेलं की पातळी चढते. म्हणून मुलाला 'कारण', 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'आधी', 'नंतर', 'जर-तर' हे दुवे वापरायला शिकवायचे, आणि एकाच विषयावर काल काय झालं, आज काय चालतं, पुढे काय होईल अशी तीन काळांत पाच-सहा वाक्यं बोलायला लावायची. विषय घराबाहेरचे घ्यावेत: शाळेचा दिवस, तब्येत, प्रवासात चुकलेलं विमान, प्लॅस्टिकचा कचरा. 'आजीचा फोन आला' यावर अस्खलित बोलणारी मुलं कचऱ्याच्या वर्गीकरणावर आली की इंग्रजीत घुसतात. शाळा, बस, फोन हे शब्द इंग्रजी असले तरी कुणी हरकत घेत नाही. पण 'मी प्रोजेक्ट सबमिट करायला फरगेट झालो' अशा वाक्यात मराठी उरते ती फक्त शेवटाला.

तिसरी गोष्ट लिंगाची आणि प्रयोगाची. 'ती पुस्तक', 'माझा गाडी', 'मी पोळी खाल्लो' या चुका इकडे वाढलेल्या मुलांत फार दिसतात. त्यांनी नॉव्हिस हाय अडत नाही, पण वरच्या पातळ्यांवर त्या खुपतात. उपाय व्याकरणाच्या तक्त्यांत शोधू नका. नाम शिकवताना 'तो, ती, ते' सोबत शिकवा आणि 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं' असे त्रिकूट तोंडात बसवा. 'ने'चा प्रयोग त्यामागून येतोच: 'दादाने पोळी खाल्ली'.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, छत्राखाली चालणाऱ्या मराठी शाळांचा अभ्यासक्रम पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने चालतो, परीक्षाही होतात. तुमच्या गावात अशी शाळा असेल तर वाचन-लेखनाचा पाया तिथे होतो. पण तिथलं प्रमाणपत्र आणि हायस्कूलचं क्रेडिट या दोन गोष्टी वेगळ्या. डिस्ट्रिक्टने त्या शाळेला मान्यता दिली असेल तरच ते थेट क्रेडिट होतं. नाहीतर त्या अभ्यासावर परीक्षा द्यायची. मान्यता मिळवायची तर चार-पाच पालकांनी मिळून अभ्यासक्रम, वर्षाचे तास, शिक्षकांची माहिती आणि मूल्यमापनाची पद्धत अशी फाइल डिस्ट्रिक्टच्या अभ्यासक्रम विभागाकडे द्यावी. एकट्या पालकाची विनंती काउन्सिलरच्या, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाच्या, टेबलावरच राहते.

कॅलिफोर्नियातल्यांना यूसीच्या नियमांतली एक वाट माहीत असायला हवी. ज्या भाषेला सोयीची परीक्षा नाही तिच्यासाठी हायस्कूलचा प्राचार्य प्रावीण्याचा दाखला देऊ शकतो. त्यासाठी तो भाषाशिक्षकांचं किंवा ती भाषा जपणाऱ्या सांस्कृतिक संस्थांचं मत घेऊ शकतो. दाखला ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, नोंदवला गेला पाहिजे, खिशातलं पत्र कामाचं नाही. विद्यापीठातल्या भाषा विभागाने लेटरहेडवर दिलेला दाखला हाही मार्ग आहे. जुन्या पानांवर अजून 'सॅट सब्जेक्ट टेस्ट' दिसते. ती २०२१ साली बंद झाली, तिच्या मागे वेळ घालवू नये.

परीक्षेआधी काउन्सिलरला मेल करावी. तोंडी 'हो, चालेल' वर काही सुरू करू नये, कारण काउन्सिलर बदलतात. मेलमध्ये एवढं विचारावं: भाषेचं क्रेडिट प्रावीण्यावर देण्याचं डिस्ट्रिक्टचं धोरण कोणतं, त्यात मराठी आणि अमुक परीक्षा मान्य आहे का, किमान पातळी किती, ट्रान्सक्रिप्टवर काय लिहिलं जाईल, ग्रेड की फक्त पास, परीक्षा कुणाच्या देखरेखीखाली व्हायला हवी, पुन्हा देता येते का आणि किती दिवसांनी. देखरेखीचा मुद्दा हलका समजू नका. घरी स्वतःच दिलेली परीक्षा शाळा नाकारते आणि भरलेले पैसे जातात. न्यू जर्सीत आणखी एक विचारायचं: प्रावीण्याने अट पूर्ण झाली तरी ५ क्रेडिटं प्रत्यक्ष जमा होतात का? होत नसतील तर १२० ची बेरीज दुसऱ्या विषयाने भरावी लागेल. टेक्सासमध्ये परीक्षांच्या तारखा वर्षातून चार ठरावीक कालावधींत येतात आणि नोंदणीची मुदत त्याआधी संपते.

वेळ नववीच्या शेवटी ते दहावीत साधावी. एकदा कमी पडला तर अकरावीत पुन्हा बसता येतं. बारावीत पहिल्यांदा बसलेला मुलगा नापास झाला की त्याला वाचवायला वेळच नसतो. आणि पातळी इंटरमीडिएट मिडच्या आसपास गेली तर 'सील ऑफ बायलिटरसी'ही मागून घ्यावं. डिप्लोमावरची ही मोहोर कॅलिफोर्नियाने २०११ साली प्रथम सुरू केली, नंतर ती देशभर पसरली. तिला इंग्रजीचं प्रावीण्यही दाखवावं लागतं. इलिनॉयमध्ये सरकारी विद्यापीठं ती हायस्कूलच्या दोन वर्षांच्या भाषेइतकी धरतात.

मुलाला डिस्लेक्सिया किंवा तत्सम अडचण असेल तर वाट वेगळी आहे, आणि तिथे दोन शब्दांत गल्लत होते: सूट आणि बदली. सूट म्हणजे भाषेची अटच काढून टाकणं. ट्रान्सक्रिप्टवर तिथे काहीच दिसत नाही, प्रवेश समितीला फक्त रिकामी जागा दिसते. बदली म्हणजे तिच्या जागी दुसरा विषय, उदाहरणार्थ एखाद्या देशाची संस्कृती किंवा इतिहास. तिथे अभ्यास दिसतो. शक्य असेल तिथे बदली मागावी. न्यूयॉर्कमध्ये आयईपी (विशेष शिक्षणाचा वैयक्तिक आराखडा) असलेल्या विद्यार्थ्याला भाषेतून सूट मिळू शकते. टेक्सासमध्ये विशेष शिक्षणाची किंवा ५०४ समिती (अपंगत्व असलेल्या मुलांच्या सवलती ठरवणारी) बदली विषय ठरवते. तिथे एक क्रेडिट मिळवून दुसरं झेपणारच नाही असं दिसलं, तर अपंगत्व नसलेल्या मुलालाही जगाचा इतिहास किंवा भूगोलासारखा विषय बदली घेता येतो, अट इतकीच की तो दुसऱ्या कशासाठी मोजलेला नसावा.

अहवालाचं म्हणाल तर 'परदेशी भाषा शिकण्याची अक्षमता' असं वेगळं निदान नसतं. अहवालात ध्वनी ओळखणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं, वाचनाचा वेग यांचे चाचणीचे गुण आणि त्यांचा भाषेच्या वर्गावर होणारा परिणाम जोडून लिहिलेला हवा. नुसतं 'स्पॅनिशमध्ये डी आला' हे पुरावा ठरत नाही. आणि शाळेची सूट विद्यापीठाला बांधून ठेवत नाही. त्यांच्याकडे पुन्हा अर्ज करावा लागतो, बऱ्याचदा ताज्या अहवालासह. सूट मागण्याआधी लॅटिनचा विचार करावा. तिथे भर वाचन आणि भाषांतरावर असतो, ऐकून लगेच बोलायचा ताण कमी. काही मुलांचा प्रश्न स्पॅनिशच्या व्याकरणात नसतो, वर्गाच्या वेगात असतो. त्यांना लॅटिन मानवतं.

ऑनलाइन आणि कॉलेजचे कोर्स हा मधला मार्ग. कम्युनिटी कॉलेजचा एक सेमेस्टर बऱ्याच ठिकाणी हायस्कूलच्या निदान एका वर्षाइतका धरतात. वेग दुप्पट, त्यामुळे भाषेत कच्च्या मुलासाठी हा पर्याय उलटा पडतो आणि ती ग्रेड कॉलेजच्या नोंदीत कायमची राहते. फक्त संभाषणाचे कोर्स यूसी धरत नाही. ऑनलाइन कोर्स घ्यायचा तर पैसे भरण्याआधी शाळेची लेखी मंजुरी, आणि यूसीसाठी तो कोर्स त्यांच्या मान्य यादीत असल्याची खात्री. फोनवरच्या अॅपवर तीनशे दिवसांची साखळी केली म्हणून कुणी क्रेडिट देत नाही.

मूल आठवी-नववीत महाराष्ट्रातून आलं असेल तर आधी जुन्या मार्कशीट बाहेर काढा. त्यांवर मराठी, हिंदी, संस्कृत हे विषय वेगळे दिसतात आणि शाळा त्यांना भाषेचं क्रेडिट देऊ शकते, पण मागितल्याशिवाय देत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला यूसीची आणखी एक सोय लागू होते: सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमातून शिकलेलं असेल तर 'ई' गट पूर्ण धरला जातो. सेमी-इंग्लिश वर्गाचं प्रकरण अडतं, कारण गणित-विज्ञान इंग्रजीत झालेलं असतं, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेला तर ही सोय लागूच नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असलेलं, सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र घ्यावं, शक्यतो भारतातून निघण्यापूर्वीच. नंतर तिकडून ते मागवायला महिने जातात.